ती दोन पाती गेली कुठे?

"इंजिनचा आवाज बदललाय का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही हो बाबा, तोच आहे," मी नकाशावरून नजर न काढता म्हटलं.

दोनच मिनिटांत तापमानाचा भोंगा वाजला.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाबा पहिल्यांदाच इंग्लंडला आले होते. आमची आठ मीटरांची, १९८०च्या दशकातली शिडाची बोट आहे, तीन कुटुंबांनी मिळून घेतलेली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टनला ती बांधलेली असते. बाबांना आइल ऑफ वाइट बेटाच्या टोकाचे ते प्रसिद्ध पांढरे सुळके, 'नीडल्स', दाखवावेत म्हणून ओहोटी धरून निघालो. वारा जेमतेम होता, म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं.

हर्स्ट किल्ल्यापाशी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली वाट अरुंद होते आणि सोलेंटचं पाणी तिथून नदीसारखं धावतं. पुढे उजव्या हाताला 'शिंगल्स' नावाचा गोट्यांचा उथळ बांध आहे आणि ओहोटीचा प्रवाह बोटीला तिरकं त्याच्यावरच ओढतो. त्या दिवशी प्रवाह साडेतीन नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे साडेसहा किलोमीटरचा होता. बांध किलोमीटरभरही दूर नव्हता. इंजिन बंद करावंच लागलं. हातात उरली होती आठ-नऊ मिनिटं.

उत्तरेचा मंद वारा होता, तो कामी आला. नवऱ्याने पुढचं शीड उघडलं, मी बोटीचं तोंड दक्षिणेला वळवलं आणि बेटाच्या बाजूच्या टोटलंड खाडीत चार मीटर पाण्यात आम्ही नांगर टाकला. कुणाला काही झालं नाही. पण बाबांचा हात कठड्यावरून बराच वेळ सुटला नव्हता, हे मी पाहिलं होतं.

बिघाड निघाला तो एका मुठीत मावेल एवढ्या रबरी चाकात. आजचा लेख त्या चाकाबद्दल आणि ते ज्यात फिरतं त्या समुद्राच्या पाण्याच्या पंपाबद्दल आहे. आपल्या वाचकांपैकी बरेच जण समुद्राकाठच्या शहरांत राहतात. कुणाकडे स्वतःची छोटी बोट आहे, कुणी मित्रांच्या बोटीवर जातं, कुणी सुट्टीत भाड्याने घेतं. त्यांना हे उपयोगी पडावं. ज्यांचा बोटीशी संबंध नाही, त्यांच्यासाठीही यात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र भरपूर आहे.

पाच केटल्यांची उष्णता

डिझेल जाळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच पंख्याच्या दांड्यापर्यंत पोचतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला इंजिनच्या धातूत शिरतो. आमचं इंजिन २० अश्वशक्तीचं, म्हणजे १५ किलोवॅटचं. पूर्ण जोरात चालताना ते जवळजवळ तितकीच उष्णता, १५ किलोवॅट धरू, थंड करणाऱ्या पाण्याला देतं. इंग्लंडमधल्या घरोघरी असणाऱ्या ३ किलोवॅटच्या पाच केटल्या एकदम लावल्या तर होईल तेवढी ही उष्णता.

मोटारगाडीत ही उष्णता रेडिएटर हवेला देतो. बोटीचं इंजिन तळघरासारख्या बंद जागेत असतं, तिथे वारा कुठला? पण चहूबाजूंनी पाणी आहे. मग तेच आत घ्यायचं, उष्णता त्याला द्यायची आणि पुन्हा समुद्रात सोडायचं.

आमच्या पंपातून मिनिटाला २० लिटर पाणी जातं असं धरू. एक किलो समुद्राचं पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४ किलोज्यूल लागतात. गणित केलं तर १५ किलोवॅट उष्णता घेऊन हे पाणी फक्त ११ अंशांनी तापतं. १२ अंशांचं आत आलेलं पाणी २३ अंशांवर पुढे जातं. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद ही अशी.

हेच पाणी थेट इंजिनमध्ये का फिरवत नाहीत? काही जुन्या इंजिनांत फिरवतात. पण मीठ धातू खातं, आणि दुसरी अडचण जास्त गमतीची आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियमच्या काही क्षारांचं उलटं असतं. पाणी तापलं की ते विरघळलेले राहत नाहीत, थर होऊन बसतात. म्हणून अशी इंजिनं मुद्दाम थंड, ६० अंशांच्या आसपास चालवावी लागतात. बाकीच्या इंजिनांत गोड्या पाण्याचं आणि अँटिफ्रीझचं मिश्रण बंद चक्रात फिरतं. समुद्राचं पाणी हीट एक्स्चेंजर नावाच्या नळकांड्यातल्या बारीक नळ्यांतून जातं आणि त्या मिश्रणाची उष्णता घेऊन पुढे निघतं.

शेवटी हे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडतात. काही शे अंश तापलेला धूर त्यामुळे इतका थंड होतो की पुढचा पाइप चक्क रबराचा असतो. बोटीच्या मागे धुराबरोबर भस्सकन पाणी उडतं ना, ते हेच.

आता पंप थांबला असं समजा. इंजिनचं लोखंड आणि आतलं मिश्रण मिळून एक अंश तापायला साधारण ६० किलोज्यूल लागतील. पूर्ण जोरावर असाल तर ८० अंशांवरून १०० अंशांवर जायला दीड मिनिटही लागणार नाही. त्याहून आधी, काही सेकंदांतच, धुराचा पाइप कोरडा पडतो आणि आवाज बदलतो. ओला, फुरफुरणारा आवाज जाऊन पोकळ, घोगरा आवाज येतो. बाबांना ऐकू आला तो हा. भोंग्याचा संवेदक बंद चक्रातल्या पाण्यात बसवलेला असतो, त्यामुळे त्याला बातमी उशिरा कळते. बाबांचे कान त्याच्या दोन मिनिटं पुढे होते, आणि मी मात्र ते उडवून लावलं होतं.

विहिरीवरची मोटार आणि हा पंप

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी विहिरीवरची मोटार बाबांनी चाळीस वर्षं सांभाळली. फूटव्हॉल्व्ह गळला की पाइपातलं पाणी उतरायचं, मोटार नुसती घुमायची आणि मग बादलीने पाणी भरून तिला पुन्हा 'उचलायला' लावावं लागायचं. मी खाडीत पंपाचं झाकण खोलत असताना त्यांनी लगेच विचारलं, "याला पाणी भरावं लागत नाही?"

नेमका प्रश्न. विहिरीवरचा पंप अपकेंद्री असतो. त्याचा पंखा पाण्याला गरगरा फिरवून बाहेर फेकतो आणि त्या जागी नवं पाणी येतं. पण आत हवा असेल तर? हवा पाण्यापेक्षा शेकडो पटींनी हलकी. ती फेकून कितीसं ओढ निर्माण होणार?

बोटीतला पंप वेगळ्या तत्त्वावर चालतो. पितळी किंवा ब्राँझचं गोल घर, त्यात सहा ते बारा लवचीक पात्यांचं रबरी चाक. त्याला इम्पेलर म्हणतात. घराच्या भिंतीला एका बाजूला आतून फुगवटा असतो. फिरताना प्रत्येक पातं त्या फुगवट्यावर आलं की वाकतं आणि तो ओलांडला की सरळ होतं. सरळ होताना शेजारच्या दोन पात्यांमधली जागा वाढते, दाब कमी होतो आणि बाहेरचा वातावरणीय दाब पाणी आत ढकलतो. ते पाणी दोन पात्यांच्या कप्प्यात बसून गोल फिरतं. पुन्हा फुगवटा आला की पाती वाकतात, कप्पा आवळला जातो आणि पाणी बाहेर पडतं. कप्प्यात हवा असली तरी ती अशीच बाहेर ढकलली जाते. म्हणून हा पंप आपलं आपण पाणी उचलतो, बादली लागत नाही.

"म्हणजे सगळी करामत रबर वाकण्यात," बाबा म्हणाले. हो, आणि सगळा धोकाही त्यातच.

माझ्याच विषयाचा धडा

इथे एक कबुली द्यायला हवी. माझी पीएचडी पॉलिमरवर आहे. रबर ताणलं, दाबलं, तसंच ठेवलं तर त्याचं काय होतं, हे मोजण्यात माझी चार वर्षं गेली. आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत मी आमचा इम्पेलर पंपात तसाच वाकलेला सोडला होता. "हिवाळ्यात काढून ठेवू" असं यादीत लिहिलं होतं, केलं नाही.

इम्पेलर बहुधा निओप्रीनचे असतात. हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने शोधलं. याच गटाने पुढे नायलॉन दिलं. नैसर्गिक रबरापेक्षा निओप्रीन तेल, ओझोन आणि हवामान यांना जास्त टिकतं. पण ते शेवटी रबरच. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतलेले आणि जागोजागी रासायनिक गाठींनी बांधलेले असतात. क्षणभर वाकवून सोडलं तर ते मूळ आकारात येतं. महिनोन्‌महिने वाकवून ठेवलं तर रेणू हळूहळू सरकतात, काही गाठी तुटतात, काही नव्या वाकलेल्या अवस्थेतच बांधल्या जातात. रबर तो आकार अंगवळणी पाडून घेतं. असं पातं पूर्ण सरळ होत नाही, म्हणजे कप्पा पुरता उघडत नाही आणि ओढ कमी होते.

दुसरा शत्रू थकवा. पंपाचा दांडा मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पातं मिनिटाला २००० वेळा वाकतं. १०० तासांत १ कोटी २० लाख वेळा! ताण सगळ्यात जास्त असतो तो पात्याच्या मुळाशी. तिथे केसासारखी चीर पडते आणि वाढत जाते.

तिसरा आणि सगळ्यात झटपट मारणारा शत्रू म्हणजे कोरडं चालणं. पात्याची कडा धातूवर घासत असते आणि मधलं पाणी हेच तिचं वंगण. पाणी नसेल तर घर्षणाने कडा तापते. रबर उष्णतेचं मंद वाहक, त्यामुळे ती उष्णता आत पसरत नाही, कडेलाच साठते. मिनिटभरातसुद्धा पाती करपून जाऊ शकतात. समुद्राचं पाणी आत घेणारी झडप, म्हणजे सीकॉक, बंद ठेवून इंजिन चालू केलं की हेच होतं. गाळणीत समुद्री गवत अडकलं किंवा तळाशी प्लास्टिकची पिशवी चिकटली तरी तेच.

आमच्या चाकाला सहा पाती होती. झाकण काढलं तेव्हा दोन मुळापासून गायब होती आणि तिसऱ्याला चीर होती. सुटा इम्पेलर बोटीवर होता. वीस मिनिटांचं काम तासभर चाललं, कारण झाकणाचा एक स्क्रू माझ्या हातून निसटून तळाच्या काळ्या पाण्यात पडला. "चुंबक आणू का?" बाबांनी विचारलं. पितळेला चुंबक लागत नाही! शेवटी त्यांनीच बाही सरसावून हाताने तो शोधून काढला. इंजिन सुरू झालं, मागून पाणी उडालं आणि भरती लागल्यावर आम्ही हळूहळू लिमिंग्टनला परतलो.

बाबांचा दुसरा प्रश्न

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "सगळं ठीक. पण ती दोन पाती गेली कुठे?"

"पाण्याबरोबर बाहेर गेली असतील," मी म्हटलं.

"तू पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. आणि थोडा विचार केल्यावर लक्षात आलं की ती बाहेर जाणं जवळपास अशक्य होतं. पंपाच्या पुढे हीट एक्स्चेंजर. त्यातल्या नळ्या काही मिलिमीटरच्या आणि पात्याचा तुकडा बोटाच्या पेराएवढा. वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठेतरी असते. शाळेत शिकलेला वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम बाबांनी मला ताटावर वाढला.

पुढच्या शनिवारी हीट एक्स्चेंजरच्या टोकाचं झाकण उघडलं. आत पाच तुकडे होते.

दोन आमचे, मऊ आणि काळे. बाकीचे तीन कडक झालेले, पांढऱ्या क्षारांनी माखलेले. ते आमच्या इम्पेलरचे असणं शक्यच नव्हतं. म्हणजे आधीच्या मालकाच्या काळातही इम्पेलर फुटला होता. बोटीबरोबर मिळालेली नोंदवही उघडली. तिथे नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'इम्पेलर बदलला', आणि पुढे बरोबरची खूण. नोंद खरी होती, पण अर्धी होती. गेली तीन वर्षं वेग वाढवला की आमच्या इंजिनचा काटा थोडा वर सरकायचा आणि "जुनं इंजिन आहे, त्याचा स्वभाव आहे" असं आम्ही तिघा कुटुंबांनी ठरवून टाकलं होतं. स्वभाव वगैरे काही नव्हता. काही नळ्यांची तोंडं रबराने बुजली होती. सावकाश चालताना उरलेल्या नळ्या पुरायच्या, जोर लावला की कमी पडायच्या. तुकडे काढून नळ्या साफ केल्यावर काटा आता पूर्ण वेगातही हलत नाही.

प्रयोगशाळेत एखादं मोजमाप गहाळ असेल तर ते का गहाळ आहे हे लिहिल्याशिवाय मी विद्यार्थ्यांना पुढे जाऊ देत नाही. बोटीवर मात्र नवा भाग बसला, पाणी आलं, एवढ्यावर मी समाधान मानलं होतं.

पंपाची देखभाल: आम्ही आता काय करतो

दर वसंत ऋतूत, हंगामाच्या आधी, नवा इम्पेलर बसवतो. तुमच्या इंजिनच्या पुस्तिकेत तास दिलेले असतील, ते पाळा. पण तास कमी भरले तरी वर्षातून एकदा उघडून पाहाच. शरद ऋतूत बोट बांधून ठेवताना इम्पेलर काढून ठेवतो.

सुरुवात सीकॉक बंद करून. बंद केला की इंजिनची किल्ली त्याच्या दांड्याला अडकवून ठेवतो. मग सीकॉक उघडायला विसरून इंजिन चालू करणं शक्यच होत नाही. झाकण काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढतो आणि पंपाखाली एक ट्रे धरतो, स्क्रूसाठी. हे शहाणपण कुठून आलं ते तुम्हाला माहीत आहेच.

इम्पेलर ओढून काढायला पुलर मिळतो, नसेल तर पक्कड चालते. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये, कारण मऊ धातूवर पडलेला ओरखडा कायमचा. बाहेर आल्यावर प्रत्येक पातं मुळाशी वाकवून चीर शोधा. कडा चकचकीत, घासून सपाट झाली असेल तर पंप कधीतरी कोरडा चालला आहे.

मग पाती मोजा. एक जरी कमी असेल तरी पंपापासून पुढचा पाइप काढून हीट एक्स्चेंजरच्या तोंडापर्यंत शोध घ्या. सगळे तुकडे टेबलावर मांडून चाक पुरं होतंय का ते बघा.

घराच्या आत हात फिरवा. फुगवटा किंवा झाकणाची आतली बाजू चरे पडून खोलगट झाली असेल तर पात्यांच्या बाजूने पाणी मागे गळतं आणि ओढ कमी होते. काही पंपांचं झाकण उलटून बसवता येतं, तेवढ्यावर बरीच वर्षं निघतात. गॅस्केट मूळ जाडीचंच वापरा. जाड कागदाचं घरी कापलेलं गॅस्केट लावलं तर तीच फट तुम्ही स्वतः तयार करता.

पंपाच्या खालच्या अंगाला, पाण्याचं सील आणि तेलाचं सील यांच्यामध्ये, एक छोटं भोक किंवा खाच असते. तिथून थेंब पडू लागले तर सील गेलं आहे. ते भोक बुजवायची चूक कधीही करू नका. ते बंद झालं तर खारं पाणी इंजिनच्या तेलात शिरू शकतं.

नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा द्रवसाबण लावा. साधं ग्रीस नको, खनिज तेलाने रबर फुगतं. पाती फिरण्याच्या दिशेला मागे झुकतील अशी वाकवून, चाक पिळत आत सरकवा. सीकॉक उघडा, गाळणी भरलेली आहे ना ते पाहा, इंजिन चालू करा आणि लगेच मागे जाऊन पाणी उडतंय का बघा. अर्ध्या मिनिटात आलं नाही तर बंद करा.

आणखी एक धोका. इंजिन सुरू होत नसेल आणि तुम्ही स्टार्टर मारत राहिलात, तर पंप प्रत्येक वेळी पाणी एक्झॉस्टच्या डब्यात भरत राहतो, पण ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. डबा भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. अशा वेळी सीकॉक बंद करून स्टार्टर मारा आणि इंजिनने पेट घेताच तो उघडा.

बाबा जूनमध्ये परत गेले. जाण्याआधी आम्ही पुन्हा एकदा गेलो आणि या वेळी नीडल्स जवळून पाहिले. हर्स्टपाशी पोचल्यावर मी इंजिनचा वेग कमी केला आणि विचारलं, "बाबा, आवाज कसा वाटतोय?"

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "ओला आहे," म्हणाले, "चल पुढे."

ते पाच तुकडे आता एका काचेच्या बरणीत, बोटीच्या नकाशाच्या टेबलावर आहेत. नोंदवहीत नवी ओळ आहे: 'इम्पेलर बदलला. पाती सहा, मिळाली सहा.'